चवथीच्या नेवऱ्या, नाताळचा तारा: ख्रिस्ती घराने कुठवर सामील व्हावं?

डिचोलीची आई
आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती. पणजोबांपासून प्रभूच्या मागे चालणारं घर. नवऱ्याच्या नोकरीमुळे चौदा वर्षं गोव्यात डिचोलीला आहोत. शेजारच्या हिंदू काकी दर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, स्टीलचा डबा घेऊन येतात. वर क्रोशाचा रुमाल, आत नेवऱ्या (करंज्या). नाताळात तोच डबा कुलकुलं आणि दोदोल या गोडधोडाने भरून परत जातो. डबा रिकामा परत करायचा नाही, हे आमच्यात कधी न बोलताच ठरलं आहे.

यंदा दार माझ्या आठ वर्षांच्या मुलाने उघडलं. डबा त्याने हातात घेतलाच नाही. "हे मूर्तीपुढचं आहे, आम्हाला चालत नाही," म्हणाला. मी आतून धावत येईपर्यंत काकींनी रुमाल उगाच सारखा केला, "बरं बाबा" म्हणाल्या आणि डबा कठड्यावर ठेवून गेल्या.

आमच्या मंडळीत महिनाभर याच विषयावर उपदेश चालले होते. चवथीचं काही घेऊ नका इथून सुरुवात, आणि तारा लावू नका, झाड नको, २५ डिसेंबर पवित्र शास्त्रात नाही इथवर. पाळक कळकळीने बोलतात, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. मुलाने ऐकलं ते पाळलं, त्याला तरी काय बोलू? मी आरतीला कधी उभी राहिले नाही. माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची सजावट) बघते, जेवते, घरी येते. एवढंही चुकतं का? आणि नाताळही सोडायचा का?

वास्कोतला विश्वासी
ताई, आधी एक विनंती. मुलाला रागावू नका. बोलायची पद्धत शिकवा, पण त्याचं मन जागं आहे ही देवाची कृपा आहे. पौलाच्या पत्रातलं १ करिंथ १०:२८ स्पष्ट आहे: हे नैवेद्याचं आहे असं कोणी सांगितलं, तर खाऊ नका.

माझे वडील बाविसाव्या वर्षी विश्वासात आले. घरच्यांनी त्यांचे कपडे अंगणात टाकले. आजी वारली तेव्हा त्यांना खांदा देऊ दिला नाही. ज्यासाठी त्यांनी एवढं सोसलं, ते मी एका नेवरीसाठी सैल करू शकत नाही.

नाताळबद्दल तुमचे पाळक बरोबर सांगतात. शुभवर्तमानात जन्माची तारीख नाही. २५ डिसेंबरची नोंद मिळते ती रोममधल्या इ.स. ३५४ च्या एका पंचांगवजा ग्रंथात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, आणि तो कायदा करणारे प्युरिटन (कडक प्रोटेस्टंट) लोक बायबल उशाशी घेऊन झोपणारे होते. मी घरी तारा लावत नाही, आणि त्यामुळे माझा आनंद कमी झालेला नाही.

बार्देशकार
मी कॅथलिक, शिकलो मराठी शाळेत. दंडाचं कौतुक वाचून राहवलं नाही.

भाऊ, असल्या याद्या आमच्या पूर्वजांनी भोगल्या आहेत. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, १५६० मध्ये आलं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत टिकलं. १७३६ च्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्यांनी काय काय करू नये ते लिहिलं आहे: अंगणात तुळस नको, लग्नात हळद नको, धोतर-चोळी नको, भात मीठ न घालता शिजवायचा नाही. भातातलं मीठ! लोकांनी तेही सोसलं, आणि तरी शेजार सोडला नाही.

माझ्या आईच्या गावचं, रायचं उदाहरण देतो. ५ ऑगस्टला तिथे कणसांचं फेस्त (चर्चचा सण) असतं. पाद्री लोकांसह शेतात जातो, विळ्याने नवीन भाताची पहिली कणसं कापतो आणि आशीर्वाद देतो. आमच्या सायबिणीपुढे (मारियामातेपुढे) ती कणसं ठेवताना माझी आई रडायची. चवथीच्या दिवसांत हिंदू घरात नवं (नव्या पिकाची कणसं) येतं तेव्हाही हेच भात, हीच कणसं. पीक देवाने दिलं म्हणून त्याच्यापुढे ठेवायचं, यात मूर्तिपूजा कुठे शिरली?

म्हापशाची मिलाग्रीस सायबीण आणि शिरगावची लईराई देवी या लोकांच्या मनात बहिणी आहेत. सायबिणीच्या फेस्ताला तेल घेऊन येणाऱ्यांत हिंदू असतात, हे मी लहानपणापासून डोळ्यांनी पाहतो. आणि इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली रायतूरला ख्रिस्ताची कथा सांगणारं ख्रिस्तपुराण छापलं ते मराठी ओव्यांत. स्वर्गाला त्यांनी 'वैकुंठ' म्हटलं. त्या शब्दाने त्यांची श्रद्धा बाटली नाही.

वास्कोतला विश्वासी
इन्क्विझिशनने जबरदस्ती केली, ते पापच होतं. दंडाचा उल्लेख मी त्या लोकांची निष्ठा दाखवायला केला. दंड बरा होता असं मला म्हणायचं नाही, शब्द चुकले असतील तर माफ करा. पण जबरदस्तीने तुळस उपटायला लावणं वेगळं, आणि मी माझ्या मनाने, कोणी न सांगता, एक ताट नाकारणं वेगळं. दोन्हींना तुम्ही एका पंक्तीत बसवलंत.

कणसं मला समजतात. दोन देव्या बहिणी मानणं मला समजत नाही, आणि ते सुंदर आहे म्हणून खरं होत नाही.

सत्तरीतली सून
मी हिंदू आहे, ख्रिस्ती धर्मातलं मला फार कळत नाही. नेवऱ्यांचं कळतं.

आमच्याकडे पहिला घाणा देवाचा. तो दाखवल्याशिवाय घरातलं कोणी चव घेत नाही, मुलंही नाहीत. समोर एक ख्रिस्ती मास्तर राहायचे. सासूबाई त्यांचा वाटा देवाला दाखवण्याआधीच वेगळा काढायच्या, कारण पहिल्याच वर्षी मास्तरांनी हात जोडून तसं सांगितलं होतं. सासूबाईंना राग आला नव्हता. "त्याचा नेम आहे," एवढंच म्हणाल्या. मास्तर चवथीला घरी येत, माटोळीखाली पाटावर बसत, आरतीच्या वेळी बाहेर पडवीत उभे राहत. कोणाला खटकलं नाही.

लागतं ते डबा तसाच ठेवून जावं लागतं तेव्हा. ताई, काकींना विचारा. विचारलेलं आम्हाला आवडतं.

फोंड्याची शास्त्रवाचक
वास्कोच्या भावांनी २८ वं वचन दिलं. त्याच्या आजूबाजूची वचनंही वाचू या, कारण पौल तिथे तीन वेगवेगळ्या जागांबद्दल बोलतो. २१ मध्ये देवळातला मेज: तिथे बसू नका, यात सूट नाही. २५ मध्ये बाजारातलं मांस: विचारपूस न करता खा. २७ मध्ये कोणाच्या घरचं जेवण: बोलावलं तर जा आणि वाढलेलं खा. २८ येतं ते त्यानंतर, आणि २९ त्याचं कारण देतं: तुझ्या विवेकासाठी नव्हे, सांगणाऱ्याच्या विवेकासाठी. काकींनी नैवेद्य म्हणून सांगितलं नव्हतं, सांगितलं मुलाने. म्हणजे ताईंनी आधी मुलाच्या विवेकाचा विचार करायचा आहे. मला तरी असं वाटतं.

बार्देशकार, रीत जुनी आहे, गावाची आहे, हा पुरावा होत नाही. गलतीकरांना पौल दिवस पाळण्यावरूनच रागावला (४:१०). पण त्याच पौलाने रोमकरांना लिहिलं की जो दिवस पाळतो तो प्रभूसाठी पाळतो (१४:६). दिवस पाळून तारण मिळतं असं वाटायला लागलं तर तो सोडावा. तारा लावून कोणी तारणाचा दावा करत नाही. ख्रिस्तजन्माची गोष्ट पोराला सांगायला दारातली कागदी चांदणी उपयोगी पडत असेल, तर मी ती काढायला सांगणार नाही.

आणि अरामी सेनापती नामान आठवा (२ राजे ५). देवाचा झाल्यावरही धन्याला हाताचा आधार देत त्याला रिम्मोन या दैवताच्या देवळात वाकावं लागणार होतं. त्याने अलीशा संदेष्ट्याला ते आधीच सांगितलं. अलीशा म्हणाला, शांतीने जा.

मडगावकर
सगळे चवथ आणि नाताळावर बोलताहेत. मला कार्निव्हलची चिंता आहे. पर्यटक त्याला गोव्याच्या ख्रिश्चनांचा सण समजतात. उपवासकाळ तोंडावर, आणि रस्त्यात किंग मोमो (कार्निव्हलचा नकली राजा) खा-प्या-मजा करा असा हुकूम सोडतो. तिथे आमची मुलं ट्रकवर नाचतात तेव्हा घरी कोणी वचन काढत नाही. शेजारणीच्या डब्याला मात्र वचनं आडवी येतात.

डिचोलीची आई
सर्वांचे आभार. काल संध्याकाळी मुलाला घेऊन काकींकडे गेले. आधी माफी मागितली, मग सरळ विचारलं. काकी म्हणाल्या, "देवाला दाखवल्याशिवाय कसं देऊ गं? तसं दिलं तर तुला कमी लेखल्यासारखं होईल." चौदा वर्षं त्या मला सगळ्यात चांगलं तेच देत होत्या. आणि मी चौदा वर्षं विचारलं नव्हतं.

आता कळलंय, त्यामुळे वास्कोच्या भावांचं वचन मला टाळता येणार नाही. तसं मी काकींना सांगितलं. सांगताना आवाज कापत होता. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग मुलाला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आदल्या दिवशी ये. तू सारण भर, मी तळते. तुझ्या तू घेऊन जा, मग मी देवापुढे ठेवते." त्याने विचारलं, "मी कडा दुमडू का?" काकींनी मुरड कशी घालायची ते त्याला तिथेच रुमालाच्या काठावर दाखवलं.

डबा धुऊन ठेवला होता, तो बेसनाच्या लाडवांनी भरून दिला. नाताळपर्यंत थांबवलं नाही.

तारा लावणार आहोत. बांबूच्या काड्या नवरा आणणार आहे, त्याचं मन अजून पूर्ण वळलेलं नाही. रविवारी उपासनेनंतर पाळकांना हे सगळं मी स्वतः सांगणार आहे. प्रार्थनेत आठवण ठेवा.