लॅमिनेटेड लाँगबोचा जोड टिलरिंगला सुटला, ग्लू चुकला का पाऊस नडला?

डोंगरवाट_चिपळूण

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, सुतारकाम हा माझा धंदा नाही, नोकरी सांभाळून शनिवार-रविवार पडवीत बसून करतो. गेल्या वर्षी एका अखंड बांबूचं धनुष्य केलं होतं ते बरं चाललं, म्हणून या वेळी हौसेने लॅमिनेटेड लाँगबो (पट्ट्या एकावर एक चिकटवून केलेलं लांब धनुष्य) करायला घेतला. लांबी 68 इंच, 28 इंच ओढीला 40 पाउंडाच्या आसपास मिळेल असा हिशोब. पाठीला माणगा बांबूची पट्टी (पाठ म्हणजे टार्गेटकडची बाजू, पोट म्हणजे आपल्याकडची), पोटाला सागवान, कारण जुन्या दाराची चौकट घरात पडून होती. मुठीला वेगळा सागाचाच ठोकळा.

ग्लू म्हणाल तर फर्निचरवाले वापरतात तो साधा पांढरा. भरपूर लावला, सी-क्लॅम्प 14 लावले आणि जीव खाऊन आवळले, सगळा ग्लू बाहेर आला तेव्हा वाटलं मस्त बसलंय. साच्यात 2 इंच रिफ्लेक्स (दोरी नसताना टोकं टार्गेटकडे झुकतील असा बाक) दिला होता. रात्री 9 ला लावलं, दुसऱ्या दिवशी सकाळी 9 ला क्लॅम्प काढले. रिफ्लेक्सचा निम्मा भाग तिथेच गेला, मी म्हटलं ठीक आहे. संध्याकाळी टिलरिंगला (थोडं थोडं ओढत, घासत दोन्ही बाजू सारख्या वाकवायला) घेतलं, 20 इंचापर्यंत छान वाकत होतं, 22 ला मुठीजवळ टक असा आवाज आला आणि ठोकळ्याचं एक टोक उचललं. खाली ठेवून बघतो तर वरच्या बाजूला पाठीची पट्टी पण बोटभर सुटलेली. जोड अगदी स्वच्छ सुटलाय, लाकडाचा एक तंतू नाही ग्लूवर.

आता इपॉक्सी (दोन भाग मिसळून करायचा ग्लू) घ्यावी का? किती तास ठेवायचं? आणि इकडे जुलैत कपडे चार दिवस वाळत नाहीत तिथे हे काम करावं का दिवाळीपर्यंत गप्प बसावं?

रंधा_आणि_पटाशी

तुमच्या शेवटच्या ओळीतच उत्तर आहे भाऊ. तंतू निघाला नाही म्हणजे ग्लू लाकडात शिरलाच नाही. चांगला जोड तुटतो तेव्हा लाकूड फाटतं, ग्लूची रेघ तशीच राहते.

सागवान तेलकट असतं हे सगळ्यांना माहितीय पण चिकटवताना कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणूनच ते पावसात टिकतं, वाळवी लागत नाही, आणि म्हणूनच ग्लूला धरत नाही. दाराच्या चौकटीचं लाकूड असेल तर वरून किती वर्षांचं तेलपाणी, पॉलिश, देवाला माहीत. रंधा मारून नवीन पृष्ठभाग काढायचा, 60 किंवा 80 नंबरच्या पॉलिश पेपरने उभं आडवं ओरखडायचं, मग अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसायचं, फडकं पिवळं होतं ते बघा, पिवळं व्हायचं थांबेपर्यंत फडकी बदलत राहा. अ‍ॅसिटोन उडून गेलं की तासाभराच्या आत चिकटवून मोकळं व्हा, रात्रभर ठेवलं तर आतलं तेल परत वर येतं. आणि हे देवघर, गॅस यांच्यापासून लांब, दारं उघडी ठेवून करा, भडका उडतो त्याचा.

दुसरं, माणगा पाठीला का घेतला? काठीला उत्तम, भरीव असतो, पण जाडी कमी. दोन-तीन बोटं जाडीच्या बांबूतून पट्टी काढली की वरची बाजू फार गोल येते, मध्ये जाड आणि कडेला काहीच नाही. काटेरी कळक बांबू घ्या, मोठा मिळतो, पट्टी सपाट निघते. आतल्या बाजूने घासत मध्ये 3 मिमी ठेवा, कडा कागदासारख्या झाल्या तरी चालतात. बाहेरच्या बाजूला पटाशी लावू नका, ताकद तिथल्याच तंतूंत असते, आणि गाठी तर अजिबात सपाट करायच्या नाहीत.

फायबरवाला

मी होड्यांचं फायबरकाम करतो त्यामुळे धनुष्याचं कळत नाही पण इपॉक्सी आणि पाऊस यांच्याशी रोजची मारामारी आहे, म्हणून लिहितो.

1) लाकूड ओलं आहे का बघा. हवेत 65 टक्के आर्द्रता असेल तर लाकूड 12 टक्क्यांच्या आसपास पाणी धरून बसतं, 90 टक्के झाली की तेच 20 वर जातं. जुलैत पडवीत ठेवलेल्या पट्टीचं काय झालं असेल विचार करा. ओलावा मोजायचा मीटर नसेल तर त्याच पट्टीचा तुकडा वजन करून ओव्हनमध्ये 100-105 ला ठेवा, वजन उतरायचं थांबलं की परत मोजा. समजा 50 ग्रॅमचे 43 झाले, तर 7 भागिले 43, म्हणजे 16 टक्के. धनुष्याला 8 ते 10 पाहिजे असं इथले लोक म्हणतात.

2) क्लॅम्प. पांढऱ्या ग्लूला दाब चालतो, इपॉक्सीला जीव खाऊन आवळायचं नाही!! सगळी बाहेर आली की जोड उपाशी राहतो. कडेने बारीक मणी आले की थांबा.

3) हार्डनर (इपॉक्सीचा दुसरा भाग) जास्त घालून लवकर सुकत नाही हो. इतक्या वेळा सांगून झालंय आमच्याकडच्या पोरांना. डब्यावर जे प्रमाण लिहिलंय तेच, आणि डब्यावर मापाने लिहिलंय का वजनाने ते नीट वाचा, दोन्ही एक नसतं. दागिने मोजायचा छोटा काटा 300-400 रुपयांत येतो. तीन मिनिटं ढवळा, भांड्याच्या कडा खरवडत. मग खोल कपात ठेवू नका, ताटलीत पसरा, नाहीतर स्वतःच्याच गरमीने धूर सोडून दगड होते आणि तुमच्या हातात ब्रश राहतो.

4) मूठ नंतर चिकटवणार असाल तर दमट हवेत सेट झालेल्या इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो, हवेतल्या ओलाव्याने आणि कार्बन डायऑक्साइडने होतं ते. त्यावर नुसता पॉलिश पेपर मारला तर तोच थर सगळीकडे पसरतो. आधी पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने धुवा, कोरडं करा, मग घासा.

5) हातमोजे. खाज सुरू झाली की आयुष्यभर पाठ सोडत नाही.

टोरांटोकर

मी मूळचा सांगलीचा, इथे तिरंदाजीच्या क्लबमध्ये दोन-तीन जण धनुष्यं बनवतात त्यांच्याकडून शिकलो. इकडे बहुतेक जण ईए-40 नावाची स्मूथ-ऑन कंपनीची इपॉक्सी वापरतात आणि गरम पेटीत 70-80 अंशांवर चार-पाच तास ठेवतात. पेटी म्हणजे काही नाही, प्लायचा लांब खोका, आत अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि पिवळे जुने बल्ब. भारतात ती इपॉक्सी मागवायच्या भानगडीत पडू नका, हार्डवेअरच्या दुकानातली 24 तासवाली साधी अ‍ॅराल्डाइट पुरते, फक्त 5 मिनिटवाली घेऊ नका. 68 इंचाची पट्टी सरळ करेपर्यंत ती अर्धी घट्ट झालेली असते आणि सुकल्यावर ठिसूळ पण असते.

पांढऱ्या ग्लूबद्दल सगळे नाक मुरडतायत पण बांबूच्या पाठीची धनुष्यं त्या जातीच्या ग्लूने लोकांनी केलीत आणि चाललीत, वॉटरप्रूफवाला घेतला तर. त्यांची खोड अशी की सतत ताण असला तर जोड हळूहळू सरकतो, आणि रिफ्लेक्स देऊन चिकटवलं की ताण कायमचा आला. शिवाय तो पाण्यातला ग्लू. पाणी लाकडात शिरतं, तिथून हवेत गेल्याशिवाय ताकद येत नाही, आणि चिपळूणच्या जुलैत ते जाणार कुठे? 12 तासांत काढलंत, माझ्या मते निम्मा दोष त्या 12 तासांचा.

इपॉक्सी पण 24 तासांत हाताळण्याइतकीच होते, पूर्ण ताकदीला सात दिवस धरा. गरम करणार असाल तर आधी एक दिवस तशीच सेट होऊ द्या आणि गरमी बंद केल्यावर पेटीतच थंड होऊ द्या, क्लॅम्प गरम असताना काढले की गेला रिफ्लेक्स. पेटी चालू ठेवून झोपू नका.

एक अजून. गरम न केलेल्या बऱ्याच इपॉक्सी 50-60 अंशांला मऊ पडायला लागतात. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी सहज तिथे पोचते. माझ्या मामेभावाने अकोल्यात धनुष्य दोरी लावून डिकीत ठेवलं होतं, संध्याकाळी काढलं तर पट्ट्या पत्त्यांसारख्या सरकलेल्या.

रंधा_आणि_पटाशी

क्लॅम्पच्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबा वापरा, पंक्चरवाल्याकडे फुकट मिळतात. इंचभर रुंद लांब पट्ट्या कापायच्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून गुंडाळत जायचं, दाब सगळीकडे सारखा पडतो, 14 क्लॅम्पमध्ये 14 ठिकाणी पडतो. पट्ट्या बाजूला सरकतात म्हणून आधी दोन्ही टोकांना, कापून टाकायच्या भागात, एकेक बारीक खिळा मारून ठेवा. साच्याला ब्राऊन टेप लावा, इपॉक्सी त्याला धरत नाही. जपानी लोक त्यांचं लांब धनुष्य, युमी, बांबू आणि लाकूड चिकटवूनच करतात, ते दोरी गुंडाळून तिच्यात बांबूच्या पाचरी ठोकत जातात, पाचर ठोकत ठोकतच आकार देतात. आपल्याकडे शिंग आणि स्नायूंची धनुष्यं व्हायची ती सरसाने (जनावरांच्या कातड्या-हाडांचा ग्लू), आणि सरस पावसाला काय करतो ते कुठल्याही जुन्या सुताराला विचारा. तेव्हा पाऊस नडतो ही तक्रार काही तुमच्यापासून सुरू झाली नाही 😄

मुठीचं विसरलो. ठोकळा जिथे संपतो तिथे एकदम संपवू नका, उतार काढत काढत नखाएवढा पातळ करा. आणि त्याखालची पोटाची पट्टी जाड ठेवा, म्हणजे उताराखाली ती वाकणारच नाही. तिथे वाकली की कुठलाही ग्लू असो, ठोकळा उडणारच.

डोंगरवाट_चिपळूण

तीन आठवडे झाले, सगळ्यांचे आभार. सागाचा तुकडा ओव्हनमध्ये ठेवला (बायकोने केकचा वास लाकडाला लागला का लाकडाचा केकला हे विचारलंय), 17 टक्के निघाला!! म्हणजे मी ओल्या लाकडावर ओला ग्लू लावत होतो. पट्ट्या आता खोलीत, कपाटाच्या वर, खाली एक 60 वॅटचा बल्ब लावून ठेवल्यात, दर दोन दिवसांनी वजन करतोय. पहिल्या आठवड्यात भराभर उतरलं, आता जवळपास थांबलंय, नवीन तुकडा 10 टक्के आला.

चिकटवायच्या आधी उरलेल्या तुकड्यांवर तीन जोड करून बघितले. साग तसाच, पांढरा ग्लू. साग अ‍ॅसिटोनने पुसून, इपॉक्सी. आणि तिसरा धामणीच्या लाकडाचा, गावातल्या एकाने कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी ठेवलेला तुकडा दिला, त्यावर इपॉक्सी. सात दिवस थांबून रेघेत पटाशी ठोकली. पहिला पहिल्या ठोक्याला कडक पापडासारखा सुटला. दुसऱ्यात अर्ध्या भागात लाकूड फाटलं, अर्ध्यात नाही, तिथे मी बहुतेक नीट पुसलं नव्हतं. धामणीचा सुटलाच नाही, पटाशी वाकडी गेली आणि लाकूडच चिरलं.

त्यामुळे साग बाद. पोटाला धामण, पाठीला कळक, कळक कापून आणलाय पण तो ताजा आहे.

फायबरवाला

ताजा कळक म्हणजे यंदा विसराच. फाडून पट्ट्या करून ठेवा लवकर वाळतील. तीन वर्षांच्या वरचा होता ना? कोवळा असेल तर वाळून आक्रसतो.

डोंगरवाट_चिपळूण

ज्याच्या बांधावरचा आहे तो म्हणतो चार पावसाळे झालेत. आज फाडून ठेवतो. तोपर्यंत ट्यूबा गोळा करतोय, सहा झाल्यात, पंक्चरवाला विचारत होता रॉकेट बांधताय का.