वॉरंटीतील पिकअपचे ब्रेक रोटर वाकले, तर भुर्दंड कोणी सोसावा?

मूळ लेखन

माझ्या पिकअपचे अजून १६,००० किलोमीटरही झालेले नाहीत. ताशी ऐंशीच्या पुढे वेग असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरते आणि पायाखाली पॅडल धडधडते. वेग कमी असेल तर काहीच जाणवत नाही. सर्व्हिस सेंटरने ‘पुढचे रोटर (चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या) वाकले’ असे निदान केले आणि लगेच पुढे सांगितले, की ब्रेक हा झिजणारा भाग असल्यामुळे वॉरंटीत बसत नाही, तुम्ही ओझे घेऊन घाट उतरताना ब्रेक तापवले असणार, फार तर रोटर लेथवर कातून देऊ आणि त्याची मजुरी तुमची.

हा युक्तिवाद मला मान्य नाही. झीज म्हणजे वापराने जाडी कमी होणे, आणि माझ्या पॅडवर (रोटरला दाबून गाडी थांबवणाऱ्या तुकड्यांवर) निम्म्याहून अधिक जाडी शिल्लक आहे. पॅड शाबूत असताना रोटर बिघडतो, तेव्हा दोष धातूत किंवा जोडणीत आहे असेच मानावे लागेल. शिवाय ओझे वाहण्यासाठीच विकलेल्या गाडीला ओझे वाहिल्याचा दोष देणे हे अजबच म्हणायचे. आपणांस काय वाटते?

प्रतिसाद १

तुमची तक्रार समजते, पण निष्कर्ष पटत नाही. पिकअप ओझे वाहण्यासाठी असते हे खरे; मात्र ते ओझे कसे थांबवायचे हे चालकाच्या हातात असते. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते, आणि उतारावर खालचा गिअर न टाकता पाय सतत पॅडलवर ठेवला तर रोटरला निवायला उसंतच मिळत नाही. त्याहून वाईट सवय म्हणजे जोराचा ब्रेक मारून गाडी थांबवल्यावर पॅडल घट्ट दाबून उभे राहणे. तापलेला पॅड एकाच जागी चिकटून राहतो आणि त्याचा थर रोटरवर उमटतो. हे कारखान्यात घडत नाही, रस्त्यावर घडते, मग कंपनीने त्याचे पैसे का द्यावेत?

प्रतिसाद २

मी बरीच वर्षे ब्रेकचे काम करतो आणि वरील दोघांशीही माझा मतभेद आहे, कारण दोघांनीही ‘वाकला’ हा शब्द तपासून न घेता पुढची इमारत रचली आहे. बिडाचा रोटर थाळीसारखा मुडपल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. बहुधा जे बिघडते ते जाडीचे सातत्य. एका फेऱ्यात दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरक पडला, तरी तो पॅडला मागेपुढे ढकलतो आणि पायाला जाणवतो.

हा फरक दोन वाटांनी येतो. एक वाट प्रतिसाद १ मध्ये आली आहे, पॅडच्या थराची. दुसरी अशी, की रोटर हबवर (चाक आणि रोटर ज्यावर बसतात त्या मधल्या भागावर) अगदी सपाट बसलेला नसतो. फिरताना तो किंचित डुलतो, ब्रेक न दाबताही प्रत्येक फेऱ्यात पॅडला त्याच एका जागी स्पर्श करतो आणि काही हजार किलोमीटरमध्ये तेवढीच जागा घासून पातळ करतो. हबवरचा गंज, किंवा एअर गनने कमीअधिक आवळलेले चाकाचे नट, एवढे निमित्त त्याला पुरते. म्हणून विचारतो, थरथर सुरू होण्यापूर्वी चाके कोणी काढली होती?

आणि लेथचा उपाय तर वरवरचा आहे. साधारण साडेसहाशे अंशांच्या पुढे तापलेल्या जागी बिडात सिमेंटाइटचे (लोह आणि कार्बनच्या संयुगाचे) कठीण डाग तयार होतात, ते निळसर-काळे दिसतात आणि पृष्ठभागाच्या आतवर गेलेले असतात. वरून कातले तरी ते डाग कमी झिजतात, आजूबाजूचे बीड अधिक झिजते, आणि थरथर परत येते. हब डुलत असेल तर दुसऱ्या यंत्रावर कातलेला रोटर गाडीवर पुन्हा डुलेलच. कातल्यानंतरची जाडी रोटरवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा कमी नको, हे तर सांगायलाच नको.

प्रतिसाद ३

इतका खल कशासाठी? फुकट कातून देत असतील तर घ्यावे आणि गाडी चालवावी.

मूळ लेखक

फुकट देत नाहीत, हीच तर तक्रार आहे.

प्रतिसाद २ मधील प्रश्नाने मात्र मी चमकलो. १०,००० किलोमीटरच्या सर्व्हिसमध्ये त्याच सेंटरने टायरची अदलाबदल केली होती आणि थरथर त्यानंतरची आहे. काल मी समोर उभे राहून डायल गेज (डोल मोजणारे काट्याचे उपकरण) लावायला लावले. डाव्या रोटरचा डोल ०.०९ मिलिमीटर भरला, तर त्यांच्याच पुस्तिकेतील मर्यादा ०.०५ आहे. रोटर काढल्यावर हबच्या कडेला गंजाचे तपकिरी कडे दिसले. तारेच्या ब्रशने ते साफ करून तोच रोटर, नट टॉर्क पान्याने आडवे-उभे आवळून, पुन्हा बसवला तेव्हा काटा ०.०३ वर आला. निळे डाग कुठेही नव्हते. दोन्ही आकडे मी जॉबकार्डवर लिहून घेतले आहेत. थरथर मात्र गेलेली नाही, कारण पातळ झालेली जागा पातळच राहिली.

प्रतिसाद १

निळे डाग नसल्यामुळे तुमच्या ब्रेक मारण्यावरचा माझा आक्षेप मी मागे घेतो. तरीही गंज हा उत्पादनातील दोष नव्हे, म्हणून वॉरंटीच्या अर्जात त्याला जागा नाही, या मतावर मी ठाम आहे. दावा कंपनीविरुद्ध नव्हे, तर नट आवळणाऱ्या सेंटरच्या कामाविरुद्ध करा.

प्रतिसाद २

गाडी नवी असताना हबवर गंज कसा चढला, हे कोणी तपासले का? अर्जात दोन्ही मुद्दे लिहा आणि रोटरची जाडी आठ ठिकाणी मायक्रोमीटरने मोजून जोडा. नवे रोटर पदरात पडले तर पॅडही नवेच मागा, जुन्या पॅडचा घासलेला पृष्ठभाग नव्या रोटरशी जुळत नाही.