फ्लॉरेन्स, सप्टेंबर २०१८: कॅटेगरी उतरली, पाणी चढलं (अनुभव धागा)

धागाकर्ती, कॅरी

भाद्रपद जवळ आला की आमच्या नॉर्थ कॅरोलिनात फ्रिजवर दोन याद्या चिकटतात, एक गणपतीच्या सामानाची आणि एक वादळाच्या. काड्यापेटी दोन्हींत असते. २०१८ साली दोन्ही याद्या एकाच आठवड्यात कामाला आल्या. १३ सप्टेंबरला, गुरुवारी, गणेशचतुर्थी होती. फ्लॉरेन्स वादळ किनाऱ्याला लागलं ते १४ला सकाळी सव्वासातला, विल्मिंग्टनजवळ राइट्सव्हिल बीचवर. म्हणजे ऐन ऋषिपंचमीला.

सोमवार-मंगळवारी हे वादळ कॅटेगरी ४ होतं, वारा ताशी १३० मैलांच्या वर. किनाऱ्याला टेकलं तेव्हा उरलं ९० मैल, कॅटेगरी १. आमच्या व्हॉट्सॅप गटावर गुरुवारी दुपारीच 'सुटलो बुवा' सुरू झालं होतं, आणि त्यात माझाही एक नाचणारा गणपती होता, हे आधीच कबूल करते. ही कॅटेगरी फक्त वारा मोजते. पाऊस किती, लाट किती, वादळ किती वेळ मुक्काम ठोकणार, यातलं काही त्या आकड्यात नसतं. जोर कमी होताना वादळ उलट अंगाने पसरलं होतं. उत्तरेला हवेचा जास्त दाब आडवा बसल्याने पुढची वाट बंद, म्हणून माणूस चालतो त्या चालीने रेंगाळत राहिलं. एलिझाबेथटाउनला जवळजवळ ३६ इंच पाऊस झाला. पुण्यात सरासरी अख्ख्या वर्षात इतका पडत नाही.

तर त्या आठवड्यात तुम्ही कुठे होतात? राहिलात की निघालात, कशावरून ठरवलंत, घरात पाणी कुठून आलं, नंतर विम्याचं काय झालं, जे आठवेल ते लिहा. लांबलं तरी चालेल.

दीड दिवसवाले, विल्मिंग्टन

आम्ही राहिलो. शौर्य वगैरे काही नाही. बायको नर्स आहे आणि तिच्या हॉस्पिटलने वादळाची ड्यूटी लावली होती. बुधवारी संध्याकाळी ती गादीची गुंडाळी, तीन दिवसांचे कपडे आणि थालीपिठं घेऊन गेली ती सोमवारी परत आली. घरात मी आणि गुहागरहून आलेली माझी आई, वय ७४. तिला किनाऱ्यापासून लांब, रॅली शहरात सोडून यायचं ठरलं होतं. पण कॅटेगरी दोनवर आल्याचं टीव्हीवर ऐकलंन आणि म्हणाली, "चाराची दोन झाली ना? उद्या एक होईल. मग गणपती कशाला हलवायचा?" झालीही एक. तिला आजपर्यंत वाटतं की ते तिच्यामुळे.

गुरुवारी प्राणप्रतिष्ठा केली तेव्हा खिडक्यांवर प्लायवूड ठोकलेलं होतं, भर दुपारी दिवा लावून. मोदक झाले. रात्री अकराच्या सुमारास लाइट गेले. त्यानंतर जो आवाज सुरू झाला तो मला लिहिता येत नाही. आगगाडीसारखा असतो असं सगळे म्हणतात, पण आगगाडी निघून जाते. आमच्याकडचे उंच पाइन शेंड्यापर्यंत नुसते काठीसारखे, ते मध्यातून मोडताना बंदुकीसारखा बार होतो. आई प्रत्येक बाराला "गेला!" म्हणायची, जसं काही आमच्याच वाडीतला माड गेला. पहाटे आम्ही गणपतीसकट कपड्यांच्या कपाटात बसलो, कारण घरात बिनखिडकीची जागा तेवढीच. समई आत नेऊ दिली नाही म्हणून मला बोलणी बसली.

सकाळी मध्येच वारा पडला. बाहेर आलो तर रस्ता दिसत नव्हता, नुसत्या फांद्या. शेजारचा निवृत्त सैनिक दारात कॉफी पीत उभा. म्हणाला, ही मधली सुट्टी आहे, आत जा. तेवढ्यात आईने फ्रिज उघडून अर्धा दुधी, भेंडी, कणसं, लाल भोपळा, जे होतं ते सगळं एका पातेल्यात टाकलं आणि कॅम्पिंगच्या शेगडीवर गॅरेजमध्ये शिजत लावलं (दार किलकिलं ठेवून, पण तेही चूकच, दार उघडं असलं तरी गॅरेजमध्ये शेगडी किंवा जनरेटर लावू नका, त्याने माणसं मरतात). ऋषीची भाजी. शेजाऱ्यालाही वाटी गेली. त्याने विचारलं, हे वादळासाठी करतात का? मी हो म्हटलं.

आमचा गणपती दीड दिवसाचा, म्हणजे विसर्जन त्याच दिवशी. संध्याकाळी रस्त्यात गुडघाभर पाणी. आई म्हणाली, "एरवी बादली शोधत बसतोस, आज देव दारात पाणी घेऊन आलाय." पण त्या पाण्यात मैला होता, पेट्रोलचा तवंग होता. हात घालायची सोय नव्हती तिथे देव कसा सोडणार? तिला ते पटवायला अर्धा तास गेला. शेवटी साठवलेल्या पिण्याच्या पाण्यातली एक बादली काढली आणि गणपती बाथटबमध्ये ठेवून आरती म्हटली, दोघांनीच.

मग शहराचं बेट झालं. आत येणारे सगळे रस्ते पाण्याखाली. अन्नपाणी लष्करी ट्रकांतून आलं, हेलिकॉप्टरमधून आलं. आमचे लाइट नऊ दिवसांनी आले. घराचं म्हणाल तर छपराचे काही तुकडे आणि कुंपण. आम्ही नशीबवान.

खाडीकाठची, न्यू बर्न

वरचं वाचून हसले आणि मग उठून पाणी पिऊन आले.

माझं माहेर दाभोळच्या खाडीवर. पाण्याची सवय आहे असा माझा समज होता. न्यू बर्नला ट्रेंट आणि न्यूस या दोन नद्या मिळतात, आणि खाली न्यूसचं पात्र इतकं रुंद होतं की नदी म्हणायला जीभ वळत नाही. आमचं टाउनहाऊस पाण्यापासून चार रांगा आत. घर घेताना तेच सांगितलं होतं, चार रांगा आत.

वादळ अजून समुद्रात होतं. गुरुवारी पूजा झाली, नैवेद्य झाला, तोवर रस्त्याच्या गटारातून पाणी वर यायला लागलं. पाऊस फारसा नव्हता. वारा ईशान्येकडून पाम्लिको साउंड या मोठ्या खाडीचं पाणी दाबत दाबत नदीत कोंबत होता. आमच्याकडे याला उधाण म्हणतात, पण उधाणाला ओहोटी असते. सहा तासांनी उतरेल या हिशेबाने मी घड्याळ बघत बसले होते. सहा तासांनी पाणी पायरीच्या वर आलं. रात्री एकला दिवाणखान्यात.

ते आत येतं कसं हे सांगते, कारण मला वाटायचं दारातून येतं. आधी गालिचा मऊ लागतो. मग पावलाखाली पच्च होतं. फरशीच्या फटीतून, भिंतीच्या तळातून, बाथरूमच्या नळीतून, सगळीकडून एकदम, आणि आवाज न करता. आम्ही गणपती माळ्यावर नेला, पासपोर्ट नेले, आणि मिस्टरांनी काय न्यावं, तर मिक्सर! "अहो, लाइट कुठायत?" म्हटलं तर म्हणाले, "हातात आला."

शहराने ट्विटरवर लिहिलं होतं की आम्ही तुम्हाला न्यायला येतोय, वरच्या मजल्यावर, गरज पडली तर पोटमाळ्यावर जा. शेकडो लोक अडकले होते. आम्हाला पहाटे चारच्या सुमारास दोन अनोळखी पोरांनी नेलं, स्वतःची मासेमारीची होडी घेऊन शेजारच्या राज्यातून आले होते. होडीत आधीच एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मांजर पिशवीत. माझ्या मांडीवर गणपती. एकाने टॉर्च मारला, मूर्तीकडे बघितलं आणि काही न विचारता स्वतःचा रेनकोट तिच्यावर टाकला. त्या पोराचं नाव विचारायचं राहिलं.

आमच्या गावाचं चिन्ह अस्वल आहे, चौकाचौकांत रंगवलेले अस्वलांचे पुतळे असतात. सकाळी त्यातला एक वाहून रस्त्याच्या मधोमध आलेला, पाहुणा येऊन बसल्यासारखा. तो फोटो पुढे सगळीकडे फिरला.

घरात साडेतीन फूट पाणी होतं. विम्याचं उद्या लिहिते, आज नको.

फेटव्हिलकर

आम्ही समुद्रापासून ऐंशी-नव्वद मैल आत, म्हणून किनाऱ्यावरचं एक कुटुंब आमच्याकडे आश्रयाला आलं होतं. रविवारी पाऊस थांबायला लागला. मंगळवारी लख्ख ऊन पडलं, पोरं अंगणात, आणि त्याच दिवशी आम्हाला घर सोडावं लागलं. केप फिअर नदी वरच्या भागाचं पाणी घेऊन सावकाश खाली येत होती. बुधवारी नदीने शिखर गाठलं, साठ फुटांच्या वर. आश्रयाला आलेले आणि आश्रय देणारे मिळून सात जण दोन गाड्यांतून कॅरीला गेलो. निळ्या आकाशाखाली पुराला पळणं फार विचित्र असतं. लोक बघतात तुमच्याकडे.

लंबरटनला आमचे एक ओळखीचे आहेत. २०१६च्या मॅथ्यू वादळात त्यांचं घर बुडालं होतं, दुरुस्ती संपून वर्षही झालं नव्हतं. परत बुडालं. त्यांना मी फोन केला तर ते माझीच विचारपूस करत बसले.

धागाकर्ती, कॅरी

ते सात जण आमच्याचकडे. आधीचे चार धरून अकरा. पाच दिवस एका बाथरूमला रांग, चाळीची आठवण. दुकानातले पाव आणि पाण्याच्या बाटल्या वादळाआधीच्या मंगळवारीच संपल्या होत्या. गंमत अशी की आमच्याकडे म्हणावं असं काही झालंच नाही, दोन दिवस सर आली आणि गेली. रविवारी गौरी जेवल्या, सोळा भाज्यांच्या जागी सात झाल्या, आणि पुरणपोळी वाढताना न्यू बर्नहून फोटो आले. मला तो घास अजून आठवतो.

लॅबकरीण

मी तेव्हा विल्मिंग्टनला शिकत होते. आमच्या विद्यापीठाने सोमवारी दुपारीच विद्यार्थ्यांना शहर सोडायला लावलं, तेव्हा आम्ही नाकं मुरडली होती, इतक्या लवकर कशाला म्हणून. बॅकपॅकमध्ये चार दिवसांचे कपडे घेतले. वर्ग पुन्हा भरले ते जवळपास महिन्याने. आमच्या लॅबच्या इमारतीचं छप्पर गेलं, पाणी आत, लाइट नाहीत. उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये माझे दोन वर्षांचे नमुने होते. पुढचं लिहायला नको.

परत जाताना मात्र नकाशाने धडा शिकवला. चाळीस नंबरचा हायवे काही ठिकाणी चक्क नदी झाला होता. राज्याचं वाहतूक खातं बाहेरून येणाऱ्यांना सांगत होतं की नॉर्थ कॅरोलिनात शिरूच नका, टेनेसीवरून वळसा घाला.

दापोलीकर

मी अमेरिकेत कधी आलेलो नाही, पण निसर्ग वादळ (३ जून २०२०) अंगावर घेतलंय, म्हणून चार ओळी. आमच्याकडे उलटं झालं. वारा दुपारच्या काही तासांत आला आणि माड, पोफळी, आंबे, कौलं, पत्रे सगळं झोपवून गेला. संध्याकाळी घरातून समुद्र दिसत होता, जो आजोबांच्या काळापासून कधी दिसला नव्हता, कारण मधली वाडीच गेली. पाण्याने नेलं तर भिंती वाळवून तरी घेता येतात. माड लावला तर फळ धरायला पाच-सात वर्षं. पंचनाम्याला येणारे झाडं मोजतात, वर्षं नाही मोजत.

खाडीकाठची, न्यू बर्न

दापोलीकर, भिंती वाळवता येतात हे तुम्ही आमच्या इथल्या भिंती बघितल्या नाहीत म्हणून म्हणताय. या चिऱ्याच्या नसतात, लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते. पाणी साडेतीन फूट असलं तरी ते वर शोषलं जातं. मग चार फुटांवर रेघ मारून खालचं सगळं कापून काढायचं, नाहीतर आठवड्यात काळी बुरशी. सगळ्या गल्लीत दारासमोर तक्ते, गाद्या, कपाटं यांचे ढीग. तो वास अजूनही कधी कधी येतो.

आता विमा. घराचा विमा होता. हप्ते वेळेवर. पाहणीला आलेल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, पाणी वरून आलं की खालून? वाऱ्याने छप्पर उडून पाऊस आत आला तर घराचा विमा देतो, तोही वादळाचा वेगळा वाटा आपल्या खिशातून गेल्यावर. जमिनीवरून चढलेलं पाणी म्हणजे पूर, आणि पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, तो बहुतेकांचा सरकारी योजनेतून असतो. घेतल्यापासून साधारण तीस दिवसांनी लागू होतो, म्हणजे टीव्हीवर वादळ दिसल्यावर धावून उपयोग नाही. आम्ही घेतला नव्हता. चार रांगा आत होतो ना.

मिस्टर म्हणाले, "निदान मिक्सर वाचला." मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. तोच मिक्सर आजही चालतो.

नवी विल्मिंग्टनकरीण

धागा एका बैठकीत वाचला. आम्ही याच उन्हाळ्यात इथे घर घेतलं. खाडीपासून बरंच आत आहे. एजंट म्हणाला पुराच्या नकाशावर झोन एक्स आहे, म्हणजे धोका कमी समजतात तो भाग, पुराचा विमा सक्तीचा नाही, उगाच पैसे घालवू नका. काय करावं?

खाडीकाठची, न्यू बर्न

सक्तीचा नाही, हे खरंय. आमचाही झोन एक्सच होता.

दीड दिवसवाले, विल्मिंग्टन

अंगणापासून घराचा उंबरठा किती फूट वर आहे ते टेप लावून मोजा आणि इथे लिहा. शनिवारी आम्ही येऊन बघून जातो. आई म्हणते, येताना भाजी घेऊन येते.