नाथ पै जयंती: हारतुऱ्यांऐवजी तरुणांसाठी काय करता येईल?

प्रश्न (वाचनालयाचा कार्यकर्ता, वेंगुर्ले तालुका):
२५ सप्टेंबरला बॅरिस्टर नाथ पै यांची जयंती असते. आमच्या वाचनालयात दरवर्षी तसबिरीला हार, पाहुण्यांचे भाषण आणि चहापाणी असा कार्यक्रम होतो, आणि श्रोत्यांत पन्नाशीच्या आतले कोणी शोधूनही सापडत नाही. ज्या माणसाने बेचाळीसच्या आंदोलनात तुरुंगवास भोगला, लंडनला जाऊन बॅरिस्टरी केली आणि पन्नासच्या दशकात समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद सांभाळले, त्याच्या स्मरणाला तरुणच नसावेत हे मनाला लागते. राष्ट्र सेवा दलाशी आणि कायद्याशी असलेले त्यांचे नाते लक्षात घेऊन महाविद्यालयीन मुलांसाठी काही योजावे असे वाटते. जाणकारांनी सुचवावे.

उत्तर (वकील, कुडाळ):
मुलांना नाथ पैंची थोरवी सांगू नका. त्यांचे विधेयक वाचायला द्या आणि त्यावर भांडू द्या. फेब्रुवारी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने ठरवले की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्यावर राजापूरच्या या खासदाराने त्याच वर्षी लोकसभेत खासगी विधेयक मांडले आणि घटनेच्या कलम ३६८ खालचा संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पूर्ववत करण्याची मागणी केली. विधेयक त्यांच्या हयातीत मंजूर झाले नाही. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात त्यांचे निधन झाले, आणि तोच अधिकार चोविसाव्या घटनादुरुस्तीने संसदेला त्याच वर्षाच्या अखेरीस मिळाला.

आता मुलांपुढे खरा प्रश्न ठेवा: लोकांनी निवडलेली संसद मोठी, की त्या संसदेच्या बहुमतापासूनही नागरिकाला वाचवणारे मूलभूत हक्क मोठे? एका गटाने नाथ पैंची बाजू घ्यावी, दुसऱ्याने विरोधी. विरोधी गटाला १९७६ ची बेचाळिसावी दुरुस्ती, म्हणजे घटनादुरुस्त्यांना न्यायालयात आव्हानच देता येऊ नये असे ठरवू पाहणारी, हाताशी आहेच. आणीबाणीत संसदेच्या बहुमताचे काय झाले ते त्यांनी खुशाल विचारावे. १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने (सात विरुद्ध सहा) काढलेला मधला मार्ग, म्हणजे दुरुस्ती करता येईल पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, हा वाद संपल्यावरच सांगावा. जयंतीच्या दिवशी नाथ पैंचीच बाजू हरली तरी हरकत नाही. वादविवादावर ज्याची हयात गेली त्याला ते रुचले असते, असे मला आपले वाटते.

उत्तर (निवृत्त शिक्षिका, मालवण):
वकीलसाहेबांची सूचना उत्तम आहे, पण ती बोलक्या मुलांपुरती राहील. उरलेल्यांना घरचा कायदा शिकवावा. आपल्याकडे सातबारा सामाईक, त्यावर पणजोबांच्या पिढीपासूनची नावे, निम्मे हिस्सेदार मुंबईत. आणि बारावी झालेल्या मुलाला फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद) म्हणजे काय ते सांगता येत नाही. वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची असते, एवढेसुद्धा कित्येक घरांत ठाऊक नसते. मुलींना तर आवर्जून सांगावे की, २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिक स्पष्ट केला आहे. त्यामुळे भावाने पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी ते नीट वाचावे. माझ्या एका विद्यार्थिनीने ते न वाचता सही केली होती.

शिवाय १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर साहाय्य मिळते, आणि त्यासाठीची समिती तालुक्याच्या न्यायालयातच असते. तिथले कोणी बोलायला येतील का, ते विचारून पाहावे. हा भाग मात्र जयंतीला न ठेवता गणपतीत ठेवावा, म्हणजे चाकरमानीही ऐकतील आणि सगळे हिस्सेदार एकाच वेळी गावात सापडतील.

मूळ प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. वादविवाद जयंतीला ठेवतो, आणि विरोधी बाजूसाठी मुले आजच शोधायला लागतो, कारण आमच्या गावात नाथ पैंच्या विरुद्ध बोलायला सहजी कोणी उभे राहणार नाही. गणपतीतल्या सातबाऱ्याबद्दल मात्र थोडी धास्ती वाटते. आमच्याकडे जमिनीचा विषय आरतीआधी निघाला तर आरतीला माणसे उरत नाहीत, त्यामुळे तो विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चाकरमान्यांची गाडी सुटण्यापूर्वी घ्यावा म्हणतो.