शब्दचर्चा : 'सार्वत्रिक लस' आणि 'संरक्षित भाग'

विचारणा (धरमपेठ, नागपूर) : आमच्या विज्ञान मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी करोना लशींवर टिपण लिहीत आहे. विषाणू बदलत गेला तरी उपयोगी राहावी अशी लस घडवण्याचे जे प्रयत्न चालू आहेत, त्यांना 'सार्वत्रिक लस' म्हणावे की 'सर्व-करोना लस'? तसेच मसुद्यात 'विषाणूच्या संरक्षित भागावर बेतलेली लस' असे वाक्य आले आहे, ते मला खटकते. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर (मेडिकल चौक, नागपूर) : आपले खटकणे रास्त आहे. पेंच किंवा ताडोबाच्या संदर्भात आपण 'संरक्षित क्षेत्र' म्हणतो तेव्हा कोणीतरी कशाचे तरी रक्षण करत असते; येथे तसे काही नाही. स्पाइक प्रथिनाचे (विषाणूच्या पृष्ठभागावरील काट्यांसारख्या प्रथिनाचे) काही भाग विषाणूला पेशीत शिरण्यासाठी इतके आवश्यक असतात की त्यांत फेरफार झालेले विषाणू सहसा टिकत नाहीत, म्हणून हे भाग नात्यातल्या विषाणूंमध्ये जवळजवळ सारखेच राहतात. त्यांना 'अविकारी भाग' किंवा सरळ 'फारसे न बदलणारे भाग' म्हणावे. एरवी 'संरक्षित भागावर बेतलेली, संरक्षण देणारी लस' या वाक्यात वाचक हमखास अडखळेल.

'सार्वत्रिक' मी टाळीन, कारण 'सार्वत्रिक लसीकरण' रूढ आहे आणि तेथे अर्थ सर्वांना लस देणे असा होतो. 'सर्व-करोना' तर आजच्या घडीला अतिशयोक्तीच ठरेल. करोना विषाणूंचे अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा असे चार गण आहेत (कोविडच्या अल्फा, डेल्टा या प्रकारांशी या नावांची गल्लत करू नये), आणि बहुतेक काम त्यांतील बीटा गणाच्या एका शाखेपुरते, म्हणजे सार्बेकोविषाणूंपुरते (सार्स आणि कोविडचे विषाणू ज्या शाखेत येतात तिच्यापुरते) आहे. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत पामेला बियॉर्कमन यांच्या गटाने आठ सार्बेकोविषाणूंचे ग्राहीला (पेशीवरील ज्या रेणूला विषाणू पकडतो त्याला) चिकटणारे स्पाइकचे तुकडे एकाच अतिसूक्ष्म कणावर मिसळून बसवले; अशा मिश्र रचनेला 'मोझेक' म्हणतात. शेजारचे तुकडे वेगवेगळ्या विषाणूंचे असल्यामुळे, सर्वांत समान असलेला भाग ओळखणाऱ्या बी पेशींनाच (प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींनाच) दोन्ही हातांनी पकड घेता येते आणि त्या पुढे सरसावतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राण्यांवरील प्रयोगांत, ज्याचा तुकडा त्या कणावर नव्हता त्या २००३ च्या सार्स विषाणूपासूनही संरक्षण मिळाले. मर्स या आजाराचा करोना विषाणू मात्र बीटा गणाच्याच दुसऱ्या शाखेचा आहे, आणि त्याच्यावर ही लस बेतलेली नाही.

म्हणून 'व्यापक संरक्षक लस' असे लिहावे आणि व्याप्ती लगेच सांगावी : 'सार्बेकोविषाणूंविरुद्धची व्यापक संरक्षक लस'.

पुरवणी (अजनी, नागपूर) : वरील मताशी सहमत. ओमायक्रॉनसाठी बदललेल्या लशीला मात्र 'व्यापक' म्हणू नये. ती 'अद्ययावत लस'. ओमायक्रॉनच्या स्पाइकमध्ये तिसाहून अधिक बदल होते, म्हणून ती नव्याने बेतावी लागली. 'मोझेक' शब्द तसाच ठेवावा, तो आपल्या घरांतील फरशीमुळे कोणालाही कळेल.