फुंकायच्या मशीनला गांजा कळत नाही

‘डेपोतून गाडी काढताना ड्रायव्हरला मशीनमध्ये फुंकायला लावलं की प्रश्न मिटला’ असं काही जण म्हणतात. दारूपुरतं मान्य, पण ते मशीन दारूच पकडतं. गांजा, अफू, झोपेच्या गोळ्या त्यात दिसत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्येही दारूला आकडा आहे (100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम), अमली पदार्थांना मात्र नाही. तिथे गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल हवा, एवढंच. ते रस्त्यावरच्या हवालदाराने सिद्ध कसं करायचं? विमानांसाठी 31 जानेवारी 2022 पासून नियम आहे: वैमानिक आणि हवाई नियंत्रकांपैकी काही जणांची अचानक लघवी तपासतात.

मागच्या दिवाळीत नागपूरच्या रात्रीच्या बसमध्ये मी अगदी पुढे बसलो होतो. दीडच्या सुमारास ढाब्यावर ड्रायव्हरने खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली सरळ तोंडाला लावली. खोकला एकदाही ऐकला नव्हता. तोंडाला वास नाही, पण पापण्या जड. क्लीनरशी भांडून आम्ही चौघांनी दुसरा ड्रायव्हर उठवायला लावला. फुंकायच्या मशीनमधून तो माणूस आरामात सुटला असता.