शब्दचर्चा : दोन पंखांचं विमान की दोन पंख्यांचं?

आमगावची बाई

गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी आमच्या शाळेपासून फार लांब नाही. शिकणाऱ्यांची विमानं दिवसभर डोक्यावरून घिरट्या घालतात. सातवीची पोरं भित्तिपत्रकासाठी 'आपल्यावरून जाणारी विमानं' असा तक्ता करताहेत. चित्रं झाली, गाडी शब्दांवर अडली. एकाने लिहिलं, 'दोन पंखांचं विमान'. दुसरा म्हणे, पंख तर सगळ्यांनाच दोन. पहिल्याला म्हणायचे होते पंखे, म्हणजे प्रोपेलर! 'द्विपंखी' लिहावं का? आणि सारखी दिसणारी विमानं वेगळी ओळखायची तर शेपटी, दारं, पाती यांना मराठीत काय काय म्हणतात, तेही सांगा. इकडे हिंदी आणि पोवारीच्या शेजारामुळे मोठी माणसं सरसकट 'जहाज' म्हणतात, तेवढ्याने तक्ता होत नाही.

मुद्रितशोधक, नागपूर

बाई, 'द्विपंखी' नकोच. तो शब्द एकावर एक असे पंखांचे दोन मजले असलेल्या विमानाला लागतो. पूर्वी फ्लाइंग क्लबांत टायगर मॉथ असायचं, ते द्विपंखी.

तुमच्या पोरांचा वाद सामान्यरूपाचा आहे आणि मराठीने तो आधीच मिटवून ठेवलाय. पंख, पंखाचा, पंखांचा. पंखा, पंख्याचा, पंख्यांचा. 'दोन पंख्यांचं विमान' बिनचूक आहे, फक्त तो 'ख्या' स्पष्ट लिहिला पाहिजे. बातमीत मी 'दोन इंजिनांचं' करतो. 'दुहेरी इंजिन' काही जण लिहितात, पण दुहेरी म्हणजे एकाला एक जोडलेलं. 'डबल इंजिन' लिहावं तर वाचक थेट प्रचारसभेत जाऊन बसतो. 'जुळं विमान' मात्र कृपा करून नको.

हँगरवाला भाऊ

बाई, नमस्कार. विमानांच्या देखभालीत आयुष्य गेलं, आता घरी धान बघतो. मुद्रितशोधक साहेबांचं बरोबर आहे. हँगरमध्ये आम्ही 'ट्विन' म्हणायचो, पण पोरांना 'दोन इंजिनांचं' समजतं तर तेच लिहा. प्रोपेलरला पंखा चालेल, त्याच्या ब्लेडला पातं. दोन पात्यांचा पंखा, तीन पात्यांचा पंखा. पण पाती मोजायची ती विमान उभं असताना. हवेत नुसतं चकाकणारं वर्तुळ दिसतं.

ओळखायचं कसं, तर लांबून आधी शेपटी बघा. शेपटीचे दोन भाग, उभी शेपटी आणि आडवी शेपटी. आडवी शेपटी उभीच्या शेंड्यावर बसवलेली असेल तर ती टी-शेपटी. मागून बघाल तर थेट दताळं उभं केल्यासारखी. आडवी शेपटी खाली, धडाला लागून असेल तर साधी शेपटी.

तुमच्या बिरसीला २००८ पासून चाललेली राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था. तिच्याकडे डायमंड कंपनीची डीए-४० आणि डीए-४२ ही विमानं. दोघांनाही टी-शेपटी, दोघांचेही पंख लांबसडक, म्हणून पोरं फसत असतील. नाकाकडे बघा म्हणावं. डीए-४० ला एकच इंजिन, ते नाकात, पंखाही तिथंच. डीए-४२ चं नाक बोडकं आणि इंजिनं दोन्ही पंखांवर. आणखी एक, डीए-४२ चाकं पोटात घेतं. उडाल्यावर चाकं लोंबतच राहिली तर ते बहुतेक डीए-४०.

वऱ्हाडी

अन् बाकीच्या कंपन्यांचे? आमच्या अमरावतीच्या बेलोऱ्याले पायलट शिकवाले आता लय विमानं येनार म्हन्तात राजेहो. एअर इंडियानं ३४ मागवले, त्यातले ३१ पायपरचे एका इंजिनाचे अन् ३ डायमंडचे दोन इंजिनांचे. आमच्या पेपरवाल्यांले मात्र सारे 'सेस्ना'च दिसते.

हँगरवाला भाऊ

भाऊ, तुमचं काम सोपं आहे. ती ३१ म्हणजे आर्चर. इंजिन नाकात आणि शेपटी साधी, डीए-४२ शी गल्लत होणारच नाही.

खरी गंमत पायपर सेमिनोल आणि बीचक्राफ्ट डचेसची. दोन्ही चार आसनी, दोन्हींचे पंख खाली, दोन्हींना टी-शेपटी, दोन्हींत १८० अश्वशक्तीची दोन इंजिनं. काळही एकच, सत्तरचं दशक संपतानाचा. हवेत ओळखायला गेलात तर मान दुखेल. जमिनीवर उभी असली की दार बघा. सेमिनोलला आत शिरायला एकच दार, उजव्या पंखावरून. डचेसला दोन्ही बाजूंनी दारं. डीए-४२ या दोघांत मिसळत नाही. त्याच्या पंखांची टोकं वर वळलेली असतात आणि पंखांची लांबी १३.४ मीटरच्या आसपास. बाकीची पावणेबारा मीटरच्या आगेमागे, त्यामुळे त्यांच्यात लांबीचा उपयोग शून्य.

साध्या शेपटीत अशीच जोडी पायपर सेनेका आणि बीचक्राफ्ट बॅरनची. इथंही दारच कामाला येतं. सेनेकाचं पुढचं दार उजवीकडे आणि मागचं डावीकडे. बॅरन ५८ चं मागचं दार उजवीकडेच, तेही दोन फळ्यांचं, जुन्या वाड्याला असतं तसं उघडणारं. डाव्या बाजूने बघताय आणि मागे दार दिसलं, की सेनेका. दार दिसत नसलं तर आडवी शेपटी बघा. बॅरनची पुढची पट्टी पक्की असते आणि मागची तेवढी हलते. सेनेकाची मात्र अख्खी पट्टीच हलते. वारा नसताना पायलट उड्डाणाआधी हाताने ती वरखाली करून बघतो, तेव्हा हा फरक स्वच्छ दिसतो.

आमगावची बाई

अख्खी हलणारी आणि मागून हलणारी, या दोन्हींना वेगळे शब्द आहेत का?

हँगरवाला भाऊ

इंग्रजीत आहेत. सगळी हलते ती स्टॅबिलेटर, नुसतं मागचं हलतं ते एलिव्हेटर. मराठीत आम्ही 'पूर्ण हलते' आणि 'मागून हलते' एवढंच म्हणायचो, काम अडलं नाही. उगाच 'उच्चालक' वगैरे लिहू नका, पोरं परीक्षेतला प्रश्न समजतील. 'सुकाणू' मात्र चांगला शब्द, उभ्या शेपटीच्या हलत्या भागाला. तो ठेवा.

मुद्रितशोधक, नागपूर

'उच्चालक' वगळा, पण 'खालपंखी' आणि 'वरपंखी' घ्या. दोन अक्षरांचं काम दोन वाक्यांनी करायचं नाही. सेमिनोल, सेनेका, बॅरन खालपंखी. इटलीचं टेक्नॅम पी-२००६-टी दोन इंजिनांचं असून वरपंखी.

'सेस्ना'बद्दल वऱ्हाडी भाऊंची तक्रार रास्त आहे. झेरॉक्स म्हणजे कुठलीही छायाप्रत, तसं सेस्ना म्हणजे कुठलंही छोटं विमान, असं झालंय. १५२ आणि १७२ या वरपंखी विमानांनी ते नाव घरोघर नेलं. पण त्याच कंपनीचं ३१० हे दोन इंजिनांचं आणि खालपंखी आहे, पंखांच्या टोकांना इंधनाच्या टाक्या असलेलं. म्हणजे 'सेस्ना' म्हणून पंख कुठे आहेत तेही कळत नाही. कंपनी ठाऊक नसेल तर 'छोटं विमान' लिहावं. 'हलकं' लिहिताना जरा विचार करावा, मराठीत हलकं म्हणजे कमअस्सलही होतं.

हँगरवाला भाऊ

'हलकं' आमच्याकडे वजनाचा हिशेब आहे साहेब, ५,७०० किलोची रेघ. तिच्या आत ते हलकं. निवडणुकीत पुढाऱ्यांना घेऊन येतं ते किंग एअर बघितलं तर कोणी हलकं म्हणणार नाही, पण बी-२०० चं उड्डाणाचं कमाल वजन ५,६७० किलो, रेघेच्या जेमतेम आत. त्याचा धाकटा भाऊ सी-९० साडेचार टनांच्या पुढेमागे. दोघांतही शेपटीच बघायची. सी-९० ची साधी, बी-२०० ची टी. दोघांचीही इंजिनं पंखाच्या पुढे चांगली लांब निघालेली असतात आणि पुढेच दोन्ही बाजूंना धुराडी. ती दिसली की सेनेका-बॅरनचा विषय संपला, हे टर्बाइनचं, म्हणजे जेटच्या जातीच्या इंजिनाचं काम आहे.

इंधनावरून मात्र ओळखू नका. डीए-४२ मध्ये टर्बाइन नाही, मर्सिडीज गाडीच्या डिझेल इंजिनावरून घडवलेलं इंजिन आहे, तरी ते जेटचंच इंधन पितं.

मुद्रितशोधक, नागपूर

बाई, तक्त्यावर 'शिकाऊ विमान' लिहू देऊ नका. बातम्यांत रोज येतं, मी रोज खोडतो. शिकाऊ पायलट असतो, विमानाला सगळं येत असतं. 'प्रशिक्षण विमान' लिहा.

वऱ्हाडी

अन् 'विमान' नपुंसक, मंग 'ते सेनेका' म्हनाचं का 'ती सेनेका'? माह्या भाच्यानं काल 'तो सेनेका' म्हटलं, माह्या तं अंगावर काटा आला.

मुद्रितशोधक, नागपूर

छापताना 'सेनेका विमान उतरलं' लिहावं, लिंगाचा प्रश्नच राहत नाही. बोलताना असं परकं आकारान्त नाव बहुधा स्त्रीलिंगी होतं, 'ती सेनेका', 'ती सेस्ना'. त्या न्यायाने 'तो बॅरन'.

हँगरवाला भाऊ

न्याय तुमचा साहेब, हँगर आमचं. तिथं बॅरनसुद्धा 'आली'च म्हणायचे. दुरुस्तीला आलेली प्रत्येक गोष्ट आमच्यासाठी गाडी होती आणि गाडी ती. फक्त डीए-४२ ला कुणी ती म्हटलेलं ऐकलं नाही. 'बेचाळीस आलं का?' असंच विचारायचे. कारण विचारू नका, आकडा आहे म्हणून असेल.